बाहेरची कडी

१

सोफे शिवणारा माणूस काम करताना बोलत नाही, कारण त्याच्या तोंडात खिळे असतात. मूठभर बारीक खिळे ओठांआड धरायचे, जिभेने एकेक पुढे सरकवायचा, हातोडीच्या लोहचुंबकाने उचलायचा आणि ठोकायचा. हल्ली सगळे पिनांची बंदूक चालवतात. हा चालवत नसे. म्हणून त्याचं नाव खिळा पडलं, आणि इतकं पक्कं बसलं की बायकोसुद्धा चिडली की त्याच नावाने हाक मारी.

खिळ्याचा कारखाना म्हणजे एक लांब खोली. पुढे लोखंडी शटर, मध्ये कामाचं टेबल, दोन्ही भिंतींना छतापर्यंत फोमचे थर. मागच्या टोकाला कापडाची खोली. तिला खिडकी नाही. दाराला कडी बाहेरून. आतून काही नाही. आत ताग्यांशिवाय राहणार कोण? सकाळी आला की खिळा शटर उचले, झाडू मारी, कापडाच्या खोलीतून दिवसाचा तागा बाहेर काढी आणि आल्या पावली कडी घाली. कापडाला धूळ नको, उंदीर नको. घरातल्या सगळ्यांच्या हातांना ती सवय होती. दार उघडं दिसलं की कडी.

तीसेक वर्षांपूर्वी याच जागेत चार पोरांनी एक अल्बम रेकॉर्ड केला. ग्रंज. मळकट आवाजाची गिटार, आणि पोटातलं सगळं ओरडून बाहेर काढणारा गायक. फोम आवाज खातो, शेजारी तक्रार करत नाहीत. त्यांना दुसरा स्टुडिओ कोण देणार होतं? ड्रमवर खिळा. गायला त्याचा धाकटा भाऊ, घोगरा. अल्बमचं नाव 'काथ्या'. तेही घोगऱ्यानेच ठेवलं. "फाटक्या सोफ्यातून बाहेर लोंबतो तो काथ्या," तो म्हणे. "आपण तरी दुसरं काय आहोत?"

कॅसेट निघाली. थोडी खपली. ज्यांनी घेतली त्यांनी जिवापाड जपली. त्याच वर्षी घोगरा रस्त्यावरच्या अपघातात गेला. रस्ता सरळ होता, ऊन लख्ख होतं, चूक समोरच्या ट्रकची होती आणि ट्रकवाल्याने ती कबूलही केली. त्यात गूढ काही नव्हतं. त्याची मुलगी तेव्हा जन्मायची होती. पुढे तिच्या आईने दुसरा संसार मांडला, दूर निघून गेली, आणि पोर खिळ्याच्या घरात वाढली. खिळ्याला मूलबाळ नव्हतं. ती होती, आणि तीच होती.

खिळ्याने ड्रम देऊन टाकले. कॅसेट कपाटात ठेवली. अल्बम त्याचा जीव की प्राण होता, पण पुन्हा कधी लावला नाही.

२

पोरीला घरात छोटी म्हणत. आता तिशीला आली तरी छोटीच. लोकांचे कान तपासणं हे तिचं काम. पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या शहरात, मोठ्या हॉस्पिटलात रुजू होणार होती. अर्धं सामान बांधून झालं होतं. एका संध्याकाळी ती हातात छोटा स्पीकर घेऊन कारखान्यात आली.

"काका, खिळे थुंका. बातमी आहे."

त्याने तळहातावर थुंकले. "बोल."

"'काथ्या' पुन्हा निघतोय. कंपनीने आवाज साफ करून पाठवलाय. तुम्ही ऐकून हो म्हणायचं."

"साफ? मळका होता म्हणून तर लोकांनी घेतला."

"तेच सांगा मग त्यांना. पण ऐकल्यावर."

"मला पाठ आहे."

"मला तुमच्याबरोबर ऐकायचाय. इथे. बाबा गायले तिथे. जायच्या आधी एकदा."

त्याने टेबलावरचं रेक्झिन बाजूला सारलं.

'काथ्या' ज्यांना माहीत आहे त्यांना त्यातल्या गाण्यांइतकीच गाण्यांमधली जागा माहीत आहे. ड्रमचा दणका गाण्याच्या माइकमध्ये शिरू नये म्हणून घोगरा कापडाच्या खोलीत उभा राहून गाई. दणक्याने दार खडखडे, म्हणून बाहेरून कडी घालत. आतून त्याला कोणी दिसत नसे. म्हणून ठरलं होतं असं: तयार झाला की घोगरा दारावर तीन वेळा टकटक करी. खिळा ड्रमच्या काड्या एकमेकींवर तीन वेळा वाजवून उत्तर देई. मग गाणं. संपलं की खिळा उठून कडी काढी. रेकॉर्डिंग करणाऱ्या टेपवाल्याने हे सगळं तसंच ठेवलं. टकटक, उत्तर, गाणं, कडीचा आवाज. लोक म्हणत, त्यामुळे आपणच त्या खोलीत बसलोय असं वाटतं.

छोटीने फोनवर बोट टेकवलं. टेपची खरखर. मग टकटक, तीन वेळा. लाकडावर बोटांची पेरं. तीस वर्षांनी खिळा ती ऐकत होता. त्याने काड्यांची वाट पाहिली.

काड्या वाजल्या नाहीत.

नुसती खरखर. ती बराच वेळ चालली. मग पुन्हा टकटक. या खेपेला थोडी घाईची.

"तुमचं उत्तर कुठे गेलं?" छोटी म्हणाली.

"कंपनीने कापलं. साफ केलं ना! दीडशहाणे."

"पण बाबांनी दुसऱ्यांदा कधी वाजवलं?"

खरखर. कोणीतरी नाकाने श्वास सोडला. तिसऱ्यांदा टकटक झाली तेव्हा खिळ्याने हात लांब करून स्पीकर बंद केला.

३

त्याने टेपवाल्याला फोन लावला. टेपवाला आता म्हातारा होता, पण जीभ शाबूत होती.

"मेलास कुठे इतकी वर्षं? जिवंत असलास तर चहाला ये."

"माझ्या काड्या कापल्यात त्यांनी."

"कोणी?"

"कंपनीने. गाण्याच्या आधीचं उत्तर नाही."

"डोक्यावर पडलास का? मी कालच ऐकलं. टक टक टक, आणि मागोमाग तुझा तो नेहमीचा दणका, अर्धा ठोका आधी. तीस वर्षं झाली, अजून अर्धा ठोका आधीच आहेस."

"दुसऱ्यांदा टकटक आहे का त्यात?"

"दुसऱ्यांदा कशाला करेल तो? एकदा केली की तू होतास ना उत्तर द्यायला."

घरी स्वयंपाकघरात त्याने आणि छोटीने तेच पुन्हा लावलं. खिळ्याची बायको, छोटीची काकू, भांडी विसळत होती. टकटक झाली, काड्या वाजल्या, गाणं लागलं. सगळं जागच्या जागी.

"केवढ्याने ओरडायचा माझा दीर," काकू म्हणाली. "आणि गोड बोलायचा. दोन्ही एकाच गळ्यातून."

दुसऱ्या दिवशी खिळ्याने कपाटातली जुनी कॅसेट काढली, तिला कोणी साफ केलेलं नव्हतं, आणि कारखान्यात जुन्या टेपरेकॉर्डरवर घातली. टकटक. खरखर. टकटक. घरी घातली, काड्या होत्या. छोटीने त्याचे कान तपासले.

"ठणठणीत आहेत. माझ्यापेक्षा बरे."

"मग फोम," खिळा म्हणाला. "फोम आवाज खातो."

"फक्त तुमचाच खातो का, काका?"

संध्याकाळपर्यंत खिळ्याचं मन तिथेच घुटमळत राहिलं. माणूस दार ठोठावतो आणि आत येऊ का म्हणून विचारतो. हा आतून ठोठावत होता.

४

खिळा एक खुर्ची पोचवायला गेला होता. दुपारी परत आला तर शटर अर्धं खाली होतं आणि आतून 'काथ्या'मधलं चौथं गाणं ऐकू येत होतं. पूर्ण गाणं. ड्रमसकट. तो वाकून आत शिरला. छोटी टेबलाशी उभी होती. हातात त्याची हातोडी.

"कधीपासून चाललंय हे?"

"परवापासून. उत्तर दिलं की गाणं लागतं. नाही दिलं तर थांबून राहतात."

"कोण?"

"तुम्हाला माहीत आहे कोण."

"टेप आहे ती. टेप कोणासाठी थांबत नाही."

"मीही स्वतःला तेच सांगितलं. बघा तर खरं."

गाणं संपलं होतं. आता कडीचा आवाज यायला हवा होता. आला नाही. खरखर चालू राहिली. छोटी सरळ चालत मागे गेली आणि कापडाच्या खोलीची कडी काढली. दार उघडून पुन्हा लावलं, कडी घातली. ती टेबलापर्यंत येते तोच स्पीकरमधून पुढची टकटक झाली. तिने हातोडीने टेबलावर तीन ठोके दिले. सावकाश दिले, मुद्दाम. गाणं लागलं.

तेही सावकाश लागलं. खिळ्याला हे गाणं ठोक्याठोक्याने पाठ होतं. ते धावणारं गाणं होतं. आता ते छोटीच्या हातोडीच्या चालीने चाललं होतं, आणि ड्रम वाजवणारा हात त्याचाच होता. तसं त्याने कधीच वाजवलं नव्हतं. त्याहून वाईट म्हणजे ते चांगलं वाजत होतं. त्याची बोटं आपोआप मांडीवर चालू लागली. त्याने मूठ आवळली.

गाणं संपल्यावर तो स्वतः मागे गेला. कडी काढली, दार उघडलं. तागे उभे. कोपऱ्यात बैठं स्टूल, त्यावर त्याने गेल्याच आठवड्यात कापलेला नवा फोम. नव्या फोमवर हात दाबून काढला की खड्डा डोळ्यांदेखत भरतो. पाहायलाही वेळ मिळत नाही.

स्टुलावरच्या फोमचा खड्डा नुकता भरत होता. कडा वर आल्या, मग मधला भाग. मग फोम सपाट झाला.

"उंदीर," खिळा म्हणाला.

"उंदीर बसतो का, काका?" छोटी त्याच्या खांद्यामागून म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती. गाडी येताना दिसली की लहान मुलं जशी बोलतात, तशी ती बोलत होती. तिच्या आवाजातल्या त्या आनंदाने खिळ्याला घाम फुटला.

५

त्याने शटरला नवं कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. छोटीने सामान बांधणं थांबवलं. हॉस्पिटलाला थोडे दिवस मागून घेतले. जेवायला बसली की घास हातात धरून भिंतीकडे पाहत राही. एकदा काकूने दारावरून नुसता हात फिरवला तर ही पाटावरून उठून उभी राहिली.

"बापाचा आवाज ऐकते बिचारी," काकू म्हणाली. "त्यात तुमचं काय जातं?"

"ऐकत नाही ती. बोलते त्याच्याशी."

"बोलू दे की. तुम्ही कुठे बोलता तिच्याशी?"

हे त्याला लागलं. तो उठून छोटीच्या खोलीत गेला. ती बांधलेली खोकी पुन्हा सोडवत होती.

"तू नोकरीवर जायचंस," तो म्हणाला.

"जाईन. एकच गाणं राहिलंय."

"कुठलं?"

"शेवटचं. त्याच्यानंतर कॅसेटवर कडीचा आवाज नाही. घरीही नाही, तुमच्या टेपवाल्याकडेही नाही. कुठेच नाही."

"टेप संपली होती. गाणं लांबलं. मग बंदच केलं."

"मग बाबा बाहेर कधी आले?"

"लगेच. मी कडी काढली. आम्ही चौघे बसून चहा प्यायलो."

"चहा कोणी आणला होता?"

खिळ्याने तोंड उघडलं. चौघे टेबलाभोवती बसलेले त्याला दिसत होते. पेल्यातून वाफ येत होती. पण चहा कोणी आणला हे आठवेना, आणि चौथ्याचा चेहरा बघायला जावं तर तो दुसरीकडे पाहत होता.

"तो नंतर महिनोन्महिने जिवंत होता, पोरी. या घरात जेवलाय. त्याला मी माझ्या हातांनी निरोप दिलाय."

"माहीत आहे. मी काही खुळी नाही." तिने खोक्यावरचा हात काढला. "काका, मी माझ्या बापाच्या शेजारी कधी उभी राहिलेली नाही. एकदाही नाही. ते गात असताना मला आत उभं राहायचंय. एक गाणं. तुम्ही बाहेरून कडी घाला, संपलं की काढा. मग मी जाते. तुम्ही म्हणाल तिथे जाते."

"माझ्या हाताने तुला कोंडणार नाही."

"तुम्ही त्यांना कोंडत होताच की."

"तो परत येत होता!" खिळा ओरडला. आयुष्यात तो तिच्यावर पहिल्यांदा ओरडला. काकू दारात येऊन उभी राहिली. छोटी मात्र शांतपणे त्याच्याकडे पाहत होती, जणू तो आता कुठे काही खरं बोलला होता.

तो किल्ली मुठीत धरून झोपला.

६

चार दिवस काही झालं नाही. छोटीने खोकी पुन्हा भरायला घेतली. गाडीचं तिकीट काढलं आणि त्याला दाखवलं. खिळ्याला हायसं वाटलं, आणि माणूस हायसं वाटलं की ढिला पडतो. त्या दिवशी एका दवाखान्यातल्या बाकांचं माप घ्यायला जाताना त्याने शटर उघडं ठेवलं. काकू दुपारचा डबा घेऊन येणारच होती.

परतायला फार वेळ लागला नाही. भर दुपार होती. रस्त्यावरच त्याला ड्रम ऐकू आले. आपलेच.

तो आत धावला. काकू टेबलाशी बसून ताटल्या मांडत होती. शेजारी छोटीचा स्पीकर, फोन आणि पर्स.

"छोटी कुठे?"

"इथेच असेल. पर्स आहे तिची. मी आले तेव्हा कोणी नव्हतं. कापडाचं दार मात्र सताड उघडं. किती वेळा सांगायचं तुम्हा लोकांना?"

"मग?"

"मग काय? कडी घातली."

खिळ्याने स्पीकरकडे बोट केलं. "आणि हे गाणं? याला उत्तर कोणी दिलं?"

"कसलं उत्तर? ते यंत्र मघापासून ठकठक करत बसलं होतं. मला बंद करता येईना. डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं, ते टेबलावर आपटलं दोन-तीन वेळा. तर लागलं एकदाचं." तिने त्याच्याकडे पाहिलं. "असे पांढरे का पडलात?"

शेवटचं गाणं चालू होतं. घोगऱ्याचा आवाज, फाटत फाटत वर चढणारा. त्याच्याखाली दुसरा एक आवाज होता. बारीक, बेसूर, सगळे शब्द पाठ असलेला. छोटी कधी गात नसे.

खिळ्याने स्पीकर उचलून तो बंद केला.

गाणं थांबलं नाही. आता ते फक्त मागच्या टोकाकडून येत होतं, लाकडाच्या आणि कापडाच्या आडून.

काकूच्या हातातली ताटली टेबलावर पडली. "अगं बाई! पोर आत आहे! उघडा, उघडा आधी!"

तो दारापाशी पोचला होता. हात कडीवर होता. दार दणक्याने थरथरत होतं, आणि कारखान्यात ड्रम नव्हते. गाणं चालू असताना दार उघडायचं नाही हा नियम त्यानेच घातला होता, पण त्याचा हात थांबला तो नियमामुळे नव्हे. आत दोन आवाज एकमेकांत मिसळले होते. आता उघडलं तर कोण कुठल्या बाजूला राहील, हे त्याला ठरवता येईना.

"उघडा ना!"

"संपू दे," खिळा म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "संपू दे."

७

गाणं संपलं. शेवटची तार वाजत वाजत विरली. कॅसेटवर इथे टेप संपते. त्यापुढे काय आहे हे कोणी ऐकलेलं नाही.

काहीच नव्हतं. बाहेरून एक सायकल गेली. काकूने त्याची बाही घट्ट धरली होती.

मग आतून टकटक झाली. हलकी, बोटांच्या टोकांनी. छोटी लहानपणी न्हाणीघरात अडकली होती तेव्हा अशीच वाजवत होती.

खिळ्याने कडीला हात घातला. तेवढ्यात पुन्हा टकटक झाली. त्याच दारावर, त्याच क्षणी नव्हे पण जवळजवळ लागूनच. ही वरच्या बाजूला होती, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, बोटांच्या पेरांनी, सावकाश.

त्याचा हात मागे आला.

कडी तशीच ठेवली तर वरचा हात आत राहील. आणि खालचाही. काकू त्याच्याकडे पाहत होती. तिने दोन्ही ऐकल्या होत्या, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. तिने त्याची बाही सोडली.

त्याने कडी काढली आणि दार आपल्याकडे ओढलं.

छोटी बाहेर आली. घामाने निथळत होती, केसांना कापडाचे तंतू लागले होते, आणि उजेडाने तिचे डोळे मिटत होते. श्वास चालू होता. अंग गरम होतं. खिळ्याने तिचा दंड धरला, दोन्ही हातांनी धरला. काकू रडत होती.

"आले, काका," छोटी म्हणाली. "आले मी."

पण तिचा एक हात मागेच राहिला होता. तो दाराच्या कडेवर होता. आपल्या मागून कोणी येत असलं की दार लागू नये म्हणून आपण धरून ठेवतो, तसं तिने ते धरलं होतं. विचार न करता, सहज.

"आणखी कोण आहे गं आत?" काकूने विचारलं.

छोटी दार धरून उभी राहिली. एका माणसाला उंबरठा ओलांडायला लागतो तेवढा वेळ. मग तिने हात काढला आणि दार आपोआप मिटलं.

खिळ्याने वर पाहिलं नाही. तो जमिनीकडे पाहत होता, आणि तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. तरी त्याने छोटीला अलगद बाजूला घेतलं, पाठ फोमच्या थराला चिकटवली, आणि अंग चोरून वाट दिली.